सकाळचं माप

निशिगंधाचं घोडं अडलं होतं ते फक्त आठ मिलिमीटरवर. आठ मिलिमीटर म्हणजे किती, तर सरकीचा एक दाणा उभा धरला की होतं तेवढं. पोलीस भरतीत मुलींची उंची एकशे पंचावन्न सेंटीमीटर लागते आणि ही भरायची एकशे चौपन्न पॉइंट दोन. आठशे मीटर ती कळंबच्या अकॅडमीतल्या सगळ्या पोरींच्या पुढं पळायची. गोळा असा फेकायची की पोरं मान वळवून बघायची. सामान्य ज्ञानाचं जाडजूड पुस्तक तिला तोंडपाठ होतं. पण सरकार आधी उंची मोजतं आणि बाकीचं मग विचारतं. २०१७ च्या भरतीत यवतमाळच्या मैदानावरून तिला पळू न देताच घरी पाठवलं होतं. तेव्हापासून उंच पोरी दिसल्या की तिचं डोकं फिरायचं, आणि अकॅडमीतल्या दोघीतिघींशी ती नुसत्या उंचीपायी तुटक वागायची.

त्याच वर्षी कापसानं अख्ख्या जिल्ह्याला तोंडघशी पाडलं. फवारणी करता करता माणसं भोवळ येऊन वावरातच पडली, दवाखाने भरून गेले. त्यातून कापसाची जी पऱ्हाटी वाचली तिच्या बोंडांत गुलाबी अळी शिरली. वरून बोंड टपोरं, आणि फोडलं की आत पिवळा, चिकटलेला कापूस. मग ज्याच्या घरात बारावी झालेलं पोर होतं, त्याला त्या पोराच्या अंगावर खाकी दिसायला लागली. कळंबबाहेरच्या माळावर दोन भरती अकॅडम्या होत्या, त्या दिवाळीपर्यंत पाच झाल्या.

निशिगंधाचे वडील, बापूजी, सात एकरांचे मालक आणि मोजकं बोलणारे. ते एवढंच म्हणाले, "अजून एक भरती देऊन पाह्य. नाही जमलं तं मंग राळेगावच्या पाव्हण्याले मी हो म्हणतो." हा पाहुणा पोरगी बघायला आला तेव्हा सगळा वेळ स्वतःच्या मोबाईलमध्ये बघत होता. निशिगंधाला त्याचं तोंडसुद्धा धड आठवत नव्हतं, मोबाईलचं कव्हर तेवढं आठवत होतं. पुढची भरती मार्चमध्ये होती. म्हणजे हातात चार-साडेचार महिने आणि वाढायचं होतं सरकीच्या दाण्याएवढं.

आणि घरात गोपालदादा होता.

गोपाल तिच्याहून सात वर्षांनी मोठा. तिला सायकल त्यानंच शिकवली. बारावीच्या निकालाच्या दिवशी तिच्याआधी त्याचेच डोळे भरून आले होते. कृषी डिप्लोमा करून तो एका टॉनिक कंपनीचा एजंट झाला होता. टॉनिक म्हणजे पिकावर फवारायचं, झाड जोमानं वाढवणारं म्हणून विकतात ते औषध. पाठीवर काळी बॅग, बॅगेत पिवळा टेप, आणि जिभेवर साखर. "काका, हे खत नोहे," तो शेतकऱ्याला सांगायचा. "खत बाहेरून चारावं लागते. हे झाडाच्या आतलं जे हाय, त्यालेच जागं करते. ऊठ म्हणते." ऐकणारा मान हलवायचा. एवढं गोड बोलणाऱ्या पोराला नाही म्हणायचं जिवावर यायचं लोकांच्या.

पण नुसत्या बोलण्यावर माल खपत नाही, त्यासाठी डेमो प्लॉट लागतो. एका शेतकऱ्याच्या चार ओळींवर औषध फुकट मारायचं, आधी आणि नंतर झाडाची उंची मोजायची आणि फरक गावाला दाखवायचा. आदल्या पावसाळ्यात शेजारच्या देवीलालकाकांच्या वावरात गोपालनं असा प्लॉट केला होता आणि टेप धरायला निशिगंधाला नेलं होतं. पहिलं माप त्यानं घेतलं दुपारी दोनला. पावसाला चार दिवसांचा खंड होता, ऊन रणरणत होतं, पऱ्हाटीनं पानं पाडली होती आणि शेंडे वाकले होते. दुसरं माप आठ दिवसांनी, सकाळी साडेसहाला. रात्रीचा गारवा पिऊन झाडं ताठ उभी होती. आठ दिवसांत झाड वाढतंच, त्यात शेंड्याचा वाक गेला. फरक निघाला जबरदस्त.

"किती झाली वो बाई?" देवीलालकाकांनी विचारलं होतं. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं उभी होती.

"नऊ इंच, काका," निशिगंधानं मोठ्यानं सांगितलं होतं. आकडा खरा होता, पण तो निघाला कसा हे तिथं दोघांनाच माहीत होतं. परत येताना मोटरसायकलवर ती पोट धरून हसली होती. गोपालनं तिला कळंबला समोसे खाऊ घातले आणि म्हणाला, "ध्यानात ठेव, पयलं माप दुपारी, दुसरं सकाळी. अर्धं टॉनिक बाटलीत असते अन् अर्धं घड्याळात." त्या हंगामात देवीलालकाकांनी पाच एकरांवर टॉनिक मारलं. त्यांना लुबाडलं असं निशिगंधाला तेव्हा वाटलं नाही. आपला दादा हुशार आहे, एवढंच वाटलं.

आणखी एक गोष्ट तिला माहीत होती. बापूजींनी एकदा स्वतःहून म्हटलं होतं, "आपल्याबी पऱ्हाटीवर मार ना दोन पंप." तेव्हा गोपालनं झटकन विषय बदलला होता. आपल्या वावरात त्यानं ते टॉनिक कधी येऊ दिलं नाही. मग निशिगंधानं मनाशी हिशेब बांधला तो असा: दादा बाहेर काहीही विकेल, पण घरात आणेल ती वस्तू अस्सल असणार. कोणाला वाटेल पोरगी भोळी होती. भोळी नव्हती. सगळी चलाखी जवळून पाहिलेली होती, आणि म्हणूनच फसली.

फवारणीच्या विषबाधेनंतर कृषी खात्याच्या गाड्या फिरायला लागल्या, दुकानं तपासली गेली आणि ती टॉनिक कंपनी रातोरात गायब झाली. गोपाल पंधरा दिवस घरात बसून होता. मग नागपूरला गेला आणि येताना थर्माकोलचा डबा घेऊन आला. डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये बोटभर काचेच्या कुप्या, कुप्यांच्या तळाला चिमूटभर पांढरी भुकटी.

"हे काय हाय?" निशिगंधानं विचारलं.

"पेप्टाइड," गोपाल म्हणाला. "नागपूरच्या जिममधले पोट्टे घेतात. पण त्याईले अंग कमवायचं असते, आपल्याले उंची पाह्यजे."

"म्हणजे हार्मोनचं इंजेक्शन? मले नाही घ्यायचं तसलं काही."

"आवं, हार्मोन नोहे! हार्मोन बाहेरून घेतलं तं शरीर आळशी होते. आपल्या मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी गाठ असते, वाढीचं हार्मोन तिच्यातून येते. हे औषध फक्त त्या गाठीले हाक मारते. जे सोडायचं ते तुहंच शरीर सोडते. आतलं जे हाय त्यालेच जागं करते."

वाक्य ओळखीचं होतं. निशिगंधाच्या कानांनी ते शंभरदा ऐकलं होतं. पण त्या वेळी तिला ते आठवलं नाही, किंवा आठवायचं नव्हतं. कुपीवरच्या चिठ्ठीवर बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की हे केवळ संशोधनासाठी आहे, माणसांनी वापरू नये. तिनं ते वाचून दाखवलं, तर गोपाल हसला. "टॉनिकच्या बाटलीवरबी काय काय लिवलेलं राह्यते. ते कायद्यासाठी असते. खराब असतं तं तुले देल्लं असतं का मी? आपल्या वावरात टॉनिक मारलं का कधी?"

त्यानं स्वतःच्या तोंडानं हे म्हटलं. निशिगंधाचा उरलासुरला संशय तिथंच मेला.

सुरू करायच्या दिवशी संध्याकाळी त्यानं तिची उंची मोजली. दिवसभर ती वावरात कापूस वेचत होती आणि शेवटी डोक्यावर गाठोडं घेऊन घरापर्यंत चालत आली होती. ओसरीच्या भिंतीला पाठ लावून तिला उभं केलं, डोक्यावर वही आडवी धरली, पेन्सिलीनं रेघ मारली. एकशे चौपन्न पॉइंट दोन. मोबाईलवर फोटो काढला. मग रोज पहाटे उपाशीपोटी आणि संध्याकाळी जेवणाआधी पोटाच्या चिमटीत बारीक सुई. कुप्या फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागं, स्टीलच्या डब्यात. तिची आई इंदुताई हिला ताकदीचं औषध म्हणून सांगितलं होतं. इंदुताईंनी आपल्या बाजूनं कळंबच्या चिंतामणीला एकवीस चतुर्थ्या बोलल्या होत्या, आणि कोणाच्या भरवशावर काय चाललं आहे ह्यात त्या पडल्या नाहीत.

महिनाभरानं, डिसेंबरात, गोपालनं पुन्हा संध्याकाळी टेप लावला. आकडा बघून त्यानं टेप झटकला. "टेप ढिला झाला वाटते," तो म्हणाला. "उद्या सकाळी पाहू. सकाळचं माप खरं असते." दुसऱ्या दिवशी त्यानं तिला अंथरुणातूनच उठवलं, चूळसुद्धा भरू दिली नाही, तशीच ओसरीवर नेऊन उभी केली.

एकशे पंचावन्न पॉइंट तीन!

निशिगंधा लहान पोरीसारखी ओरडली. इंदुताई चुलीजवळून उठून आल्या. बापूजींनी चष्मा लावून स्वतः रेघ पाहिली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिला पुढं कितीतरी दिवस जाणवत राहिला. गोपालनं फोटो काढला, आणि आठवड्याभरात ते दोन फोटो शेजारी शेजारी लावून अकॅडमीच्या सगळ्या पोरापोरींच्या मोबाईलवर पोचवले. खाली लिहिलं होतं, पाच आठवड्यांत एक पॉइंट एक सेंटीमीटर, नैसर्गिक पद्धतीनं. निशिगंधाला न विचारता पाठवलं म्हणून ती जरा चिडली, पण आतून सुखावलीही. इतकी वर्षं बुटकी म्हणून घेतलेली पोरगी आता सगळ्यांना दाखवायच्या कामाला आली होती.

फोटो पाहून जेबा आली. जेबा तिची अकॅडमीतली एकुलती एक जिवाभावाची मैत्रीण. तिचे वडील जफरभाई कळंबला मोटरसायकली दुरुस्त करायचे, आणि मुलीला पोलिसात घालायचं म्हणून सगळ्या नातेवाइकांशी भांडून बसले होते. जेबा एकशे चौपन्न पॉइंट चार होती, म्हणजे तिचंही घोडं तिथंच अडलेलं.

"सच्ची सांग," जेबा म्हणाली. "गोपालभाई तं विकणारेच हायत, त्याईचं मी नाही ऐकत. तू सांग. खरंच वाढली का?"

"चिंतामणीची शपथ. भिंतीवर रेघा हायत. बापूजींनी स्वतः पाह्यलं."

दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. अकॅडमीतल्या एका पोरीनं बघितलं आणि म्हणाली, दोघी सारख्याच. म्हणजे बोटभर फरक दिसायला हवा होता तो दिसलाच नाही. "स्कार्फच्या खाली तुहा अंबाडा हाय, त्यानं," निशिगंधा म्हणाली, आणि जेबानं मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून जेबाच्या घरच्या फ्रिजमध्येही एक डबा गेला. तिच्यामागून आणखी नऊ पोरी गोपालकडं आल्या. त्यांचीही पहिली मापं त्यानं सरावानंतर संध्याकाळी घेतली आणि पुढची पहाटे, त्यांच्या त्यांच्या घरी जाऊन.

जानेवारीत निशिगंधाची बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ वळत नसे, बोटांना मुंग्या यायच्या, गोळा फेकताना तळहातातून निसटायचा. जेबाच्या बोटातली आजीची चांदीची अंगठी निघेना. "म्हणजे काम करून राह्यलं ना!" गोपाल म्हणाला. "असर होत नसता तं सुजली असती का?" दोघींना ते पटलं. उंचीसाठी थोडं दुखणारच, असं त्या एकमेकींना सांगत राहिल्या.

मार्चमध्ये मैदानाचा दिवस आला. निशिगंधाचा नंबर जेबाच्या तीन दिवस आधी होता. गोपालनं तिला पहाटे साडेचारला यवतमाळच्या मैदानाच्या फाटकाशी सोडलं. ती म्हणाली, "थांब ना दादा, माप होईपर्यंत." त्यानं गाडीवरून पायसुद्धा खाली टेकवला नाही. "काम हाय," म्हणाला आणि गेला.

रांग लांबलचक होती. काही पोरी रांगेतच चादर टाकून आडव्या पडल्या होत्या, त्यांच्या आया शेजारी बसून जागा धरत होत्या. काय आळशी पोरी आहेत, ह्या काय पळणार, असं निशिगंधाच्या मनात आलं. ती ताठ उभी राहिली. पाच तास उभी राहिली. पावणेदहाला तिचा नंबर लागला. महिला पोलिसानं तिला पाटीला टेकवून वरची पट्टी डोक्यावर आणली.

"एकशे चौपन्न पॉइंट तीन."

"मॅडम, नाही. परत पाहा ना. मी एकशे पंचावन्नच्या वर हाय."

परत पाहिलं. मग साहेबांनी येऊन तिसऱ्यांदा पाहिलं. आकडा हलला नाही. निशिगंधा तिथंच खाली बसली. महिला पोलीस वयानं मोठी होती, तिनं तिला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"घरी कधी मापलं होतं वो पोरी? सकाळी उठल्या उठल्या?"

"हो."

"मंग तसंच होते. रात्रभर झोपलं की माणूस बोटभर लांब होते अन् उभं राह्यलं की दबते. त्या बाहेर झोपलेल्या पोरी पाह्यल्या ना? त्याईच्या घरच्यांनी त्याईले गाडीतूनबी झोपवूनच आणलं. तुले कोणी सांगतलं नाही का?"

कोपऱ्यात औषधोपचाराचा तंबू होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंना निशिगंधानं सुजलेली बोटं दाखवली आणि सगळं सांगून टाकलं. बाईंनी कपाळावर हात मारला. त्या औषधानं गाठीतून हार्मोन सुटतंही असेल, त्या म्हणाल्या, पण विसाव्या वर्षी हाडांची टोकं केव्हाच मिटलेली असतात, मग उंची कुठून वाढणार? वाढलीच तर सूज आणि रक्तातली साखर. आज बंद कर आणि रक्त तपासून घे.

पण निशिगंधाचं लक्ष तिथं नव्हतं. ती देवीलालकाकांच्या वावरात उभी होती. पयलं माप दुपारी, दुसरं सकाळी. मान टाकलेली पऱ्हाटी आणि ताठ पऱ्हाटी. कापूस वेचून, गाठोडं वाहून आलेली निशिगंधा आणि अंथरुणातून उठवलेली निशिगंधा. चूळ भरायलासुद्धा थांबू दिलं नव्हतं. दादानं तिला औषध दिलंच नव्हतं, दादानं तिचा डेमो प्लॉट केला होता.

ती घरी आली तेव्हा चार वाजले होते. बापूजी आणि इंदुताई वावरात होते. गोपाल ओसरीवर बसला होता. त्यानं तिला काय झालं ते विचारलं नाही, आणि तेवढ्यानंच तिला उरलेलं सगळं कळलं. तिनं त्याच्या बॅगेतून पिवळा टेप काढला आणि त्याच्यापुढं टाकला. स्वतः भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"माप."

"निशे, बस खाली. पाणी पे."

"आत्ता माप म्हणतो ना! उजेड हाय, मी उभी हाय, तू रिकामा हायस. माप!"

गोपाल उठला नाही. टेपकडं बघत म्हणाला, "डिसेंबरातच समजलं होतं मले. संध्याकाळी मापलं तं तितकीच होती. तुहं तोंड पाह्यलं अन् सांगवलं नाही. वाटलं, एक सकाळ तरी खुशीत जाऊ दे. मंग बापूजींनी डोक्यावर हात ठेवला. मंग कसं सांगू?"

"एक सकाळ? चार महिने टोचलं तू मले! माह्या फोटोवर दहा पोरींईले विकलं! त्या झोपलेल्या पोरींईच्या घरच्यांईले माहीत होतं, अन् तुले माहीत नव्हतं? तुले तं सगळ्यांत जास्त माहीत होतं. मले नुसतं एवढं सांगितलं असतं का झोपून जा, तं मी आज आत गेली असती, दादा. खरं बोलला असता तं मी लागली असती!"

हे गोपालच्या डोक्यात आलंच नव्हतं. सकाळच्या मापात खोटं चालतं हे त्याला ठाऊक होतं, पण तेच माप नीट वापरलं तर खरं कामाला येतं हे त्या हुशार माणसाला एकदाही सुचलं नव्हतं. तो रडायला लागला. निशिगंधाला त्याच्या रडण्याची किळस आली, आणि सायकल शिकवणाऱ्या भावाची किळस आली म्हणून स्वतःचीही आली. तिनं फ्रिजमधला डबा काढला, कुप्या न्हाणीच्या दगडावर फोडल्या आणि त्याच पावली कळंबची एसटी पकडली.

जेबाचं माप अजून व्हायचं होतं. तेवढं तरी वाचवता येणार होतं.

जेबा दुकानाच्या मागच्या खोलीत अभ्यास करत होती. जफरभाई दारात एका मोटरसायकलची चेन बसवत होते. निशिगंधानं दोघांसमोर सगळं सांगितलं. सकाळचं माप, संध्याकाळचं माप, डॉक्टरीणबाई, हाडांची टोकं. शेवटी म्हणाली, "आजपासून सुई बंद कर. अन् त्या दिवशी मैदानावर झोपून जा. चाचा, गाडीवर नका नेऊ तिले, टेम्पो करा, मागं गादी टाका. रांगेतबी उभी राहू नको, नंबर येईपर्यंत आडवीच राह्य. तुले सहाच मिलिमीटर पाह्यजेत, तू लागशीन."

जेबा ऐकत होती. अंगठीवरून बोट फिरवत होती. "एक सांग," ती म्हणाली. "सकाळी मापलं का जास्त भरते, हे तुले आज समजलं?"

निशिगंधाला खोटं बोलता आलं असतं. पण आता तिला खोट्याची शिसारी आली होती. "माणसाचं आज समजलं," ती म्हणाली. "पऱ्हाटीचं आधीपासून माहीत होतं. देवीलालकाकांच्या वावरात मीच टेप धरला होता."

"म्हणजे तुहा भाऊ मापात बेइमानी करते, हे तुले माहीत होतं. अन् मी तुले विचारलं, तं तू शपथ घेतली."

"माह्यासोबत करन असं नाही वाटलं, जेबा."

"अन् काकांसोबत केली, तवा हसली असशीन."

"हसली होती," निशिगंधा म्हणाली.

"जा," जेबा म्हणाली. "आता हे झोपून जायचं कोण सांगते? तूच ना? पयले सुई होती, आता गादी. तुमच्या घरातलं काहीच नाही पाह्यजे मले. मैं सीधी खडी रहूँगी. अल्लानं जेवढी बनवली तेवढी मापून घेतीन."

"चाचा, तुम्ही तरी सांगा ना तिले," निशिगंधा कळवळून म्हणाली. जफरभाईंनी चेनवरून मान वर केली नाही. "बेटी, तू आता घरी जा," ते म्हणाले.

तीन दिवसांनी निशिगंधा पहिल्या गाडीनं यवतमाळला गेली. मैदानाच्या कुंपणाबाहेर उभी राहिली. रांगेत पाच-सहा पोरी चादरींवर आडव्या होत्या. त्यांच्या पुढं जेबा उभी होती, खांदे मागं, मान ताठ, हात मांड्यांना चिकटवलेले, अकॅडमीत शिकवलं होतं अगदी तशी. निशिगंधानं जाळीतून दोनदा हाक मारली. "बस तरी खाली! जेबा!" जेबानं ऐकलं, कारण तिची मान आणखी ताठ झाली. ऊन चढत गेलं आणि ती उभी राहिली.

साडेनऊच्या सुमारास ती फाटकातून बाहेर आली. बूट स्वच्छ होते आणि दम लागलेला नव्हता, म्हणजे तिला पळायला मिळालंच नव्हतं. निशिगंधापाशी येऊन ती थांबली.

"माह्या मागच्या तिघी मापात बसल्या," ती म्हणाली. "झोपलेल्या होत्या त्या."

निशिगंधानं हात पुढं केला, पण जेबा वळून रस्त्याकडं चालायला लागली होती. जफरभाईंनी मोटरसायकल सुरू केली, जेबा मागं बसली आणि दोघं कळंबच्या रस्त्याला लागले.